सही झालेली काच

काचेवर चित्र काढणाऱ्याची सही सगळ्यात आधी होते. कागदावर, कापडावर, भिंतीवर चित्र पुरं झालं की माणूस दोन पावलं मागे सरकून बघतो आणि मग कोपऱ्यात नाव घालतो. काचेवर तसं नाही. तिथे पाठीकडून रंगवायचं आणि समोरून बघायचं, म्हणून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी. नथीतला मोती आधी, मग नथ, मग नाक. बुबुळातला पांढरा ठिपका आधी, मग बुबुळ. आणि सही त्याच्याही आधी, उलट्या अक्षरांत.

त्यामुळे ऑक्टोबरात विष्णुपंत देवस्थळी, म्हणजे वृंदाचे वडील, आण्णा, दुपारच्या चहाचा कप हातात असतानाच गेले, तेव्हा त्यांच्या शेवटच्या काचेवर त्यांची सही होती आणि चित्र नव्हतं. दीड फूट बाय एक फुटाची काच. त्यात एका म्हातारीच्या चेहऱ्यावर जिथे जिथे उजेड पडतो तेवढंच काढलेलं: डोळ्यांतले ठिपके, नाकाचा शेंडा, पांढरे केस, सुरकुत्यांच्या उजळ कडा. काळोखात कुणीतरी हसून नाहीसं व्हावं आणि हसणं तेवढं मागे राहावं, तसं ते दिसे.

ती काच बदलापूरला मांजर्लीतल्या त्यांच्या घरात भिंतीकडे तोंड करून उभी होती. फळीवर, कारण त्या घरात काचा नेहमी पुराच्या खुणेच्या वर ठेवत. तीन महिने वृंदाने ती हलवली नाही. अंबरनाथच्या वाचनालयातली नोकरी होती, आई होती. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी हसोमल आला, तेव्हा कुठे ती काच खाली उतरली.

हसोमलचं उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये फ्रेमचं आणि आरशांचं दुकान. आण्णांनी अंबरनाथच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सांभाळत आणि निवृत्तीनंतरही त्याच्यासाठी बावीस वर्षं काचेवर देव रंगवले होते. हे चित्र मात्र देवाचं नव्हतं. हसोमलच्या आईचं होतं.

"बेटी, काच दे दे," तो खुर्चीवर टेकता टेकता म्हणाला. "पंधरा फेब्रुवारीला अम्माची वर्सी आहे, वर्षश्राद्ध. मुंबईत एक पेंटर मिळाला. मशीनने फवारा मारतो. शेड असा येतो, एकदम मक्खन."

"आण्णांनी काढलंय त्याच्यामागे मारणार?"

हसोमल अवघडला. "नहीं ना. तो बोलतो, पुरानी लाइन पे मशीन का रंग बैठता नहीं. पहले सब खुरच डालेगा, फिर नया."

"खरवडणार?"

"मैं क्या करूं, साईं? आण्णा माझे भाऊ होते. पण अधूरी काच तर तशी दीवार पे टांगू शकत नाही ना. लोग पूछेंगे, अम्मा का बाकी मुंह किधर गया."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला हसू आलं आणि ते तिने पदराने पुसलं.

वृंदाने काचेचा कोपरा त्याच्यासमोर धरला. "सही बघा. सही केलेलं काम आण्णा अर्धं देत नसत."

"ते तर आहे. पण आता आण्णा..."

"मी पुरं करते."

हसोमलने कप खाली ठेवला. "तूने कभी मुंह रंगाया है?"

"नाही. जमिनी घातल्यात."

जमीन म्हणजे चित्रामागचा सपाट रंग. सगळं झाल्यावर वरून एकसारखा हात मारायचा, बस. बाराव्या वर्षापासून वृंदा तेवढंच करत आली होती. चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हा आण्णांचा नियम; आणि तो त्यांनी कधी मोडला नाही, हे तिचं त्यांच्याशी असलेलं जुनं, न बोललेलं भांडण.

"दस तारीख," हसोमल उठत म्हणाला. "दहाला मी येतो. मुंह बना तो बना. नहीं तो काच माझी, मशीनवाल्याची."

"दहाला या," वृंदा म्हणाली.

तो गेल्यावर आई म्हणाली, "वृंदे, जन्मभर हातात पुस्तकं धरलीस. आता ब्रश धरणार?"

"पुस्तकंच बघते आधी."

आणि तिने खरंच तेच केलं. वाचनालयात चित्रकलेवरची सहा पुस्तकं होती, दोन मराठी आणि चार इंग्रजी. तिने आठवडाभर ती चाळली. सगळ्यांत एकच क्रम: आधी अंगाचा रंग, त्यावर सावली, शेवटी उजळ ठिपका. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठल्या ना कुठल्या पानावर असतं असा तिचा आजवरचा विश्वास. इथे ती पुस्तकं शेवटच्या पानाकडून वाचावी लागत होती. आणि उलट वाचली तरी एक गोष्ट त्यांत नव्हतीच. काचेवर सावली अंगाच्या रंगावर चढवता येत नाही. अंगाचा रंग एकदा घातला की पडदा पडला. त्याच्या पाठीवर कितीही सावल्या घाला, समोर सपाट पिठाचा गोळाच दिसणार. सावली आधी हवी, आणि तीही अशी पातळ होत गेलेली की ती कुठे संपली ते कळू नये. मग मागून अंगाचा रंग आला की दोन्ही एकमेकांत विरघळलेले दिसतात. काचेवर रंग मिसळायचा तो आता दिसतं त्यावरून नाही, पुढे जे येणार आहे ते मनात धरून.

फुटक्या तावदानांवर ती हात बसवू लागली. पहिल्या दिवशी भाजक्या अंबरची, म्हणजे गडद मातकट तपकिरी रंगाची सावली घालून बोटाने घासली. सांडलेल्या चहाच्या डागाला येते तशी कड आली. दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइन जास्त घातलं. रंग पळाला आणि काचेला मोत्यासारखे थेंब धरले. तिसऱ्या दिवशी ती नुसतीच बसून राहिली आणि आण्णांचे हात आठवू लागली. चेहरा आठवायचा नाही, हात आठवायचे, असं तिने स्वतःला बजावलं.

हात आठवले. ते सावली लावून उठून जात. पेपर वाचत, नखं कापत. अर्ध्या तासाने येऊन करंगळीच्या नखाची पाठ रंगाला टेकवत. नख निसटलं तर परत पेपर. नख किंचित ओढलं गेलं, सोडताना बारीक 'टक्' झालं, की मग पुरचुंडी हातात घेत: कापसाचा बोळा, वर रेशमी कापड, दोऱ्याने बांधलेलं. पुरचुंडीने घासत नसत. टेकवत आणि उचलत. काठापासून उजेडाकडे, दर वेळी कमी दाबून. पाच-सहा वेळा टेकवली की पुरचुंडी फिरवून कोरी बाजू.

आण्णांच्या पुरचुंड्या वाळून दगड झाल्या होत्या.

"आई, रेशमी चिंधी आहे का गं?"

आईने ट्रंकेतून जुनं लाल झंपर काढलं. "साखरपुड्यातलं आहे. ह्यांनी तेव्हापासून डोळा ठेवला होता त्याच्यावर, पुरचुंडीसाठी. मी दिलं नाही."

"मग आता?"

"आता घे. कातर तू चालव, मला बघवत नाही." आणि थोड्या वेळाने आतून, भांड्यांच्या आवाजातून, "बाही काप आधी. पाठ ठेव."

पाचव्या तावदानावर सावली पहिल्यांदा नाहीशी झाली. म्हणजे ती होती, पण कुठे संपते ते वृंदाला स्वतःलाही सांगता येईना. तिने त्यामागे गव्हाळ रंगाचा पुठ्ठा धरला. असे पुठ्ठे आण्णांनी करून ठेवले होते, अंगाचा रंग घालण्याआधी मागे धरून अदमास घ्यायला; एकावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हसोमलची आई. गहू, किंचित तांबूस." पुठ्ठा लागताच तावदानात गोल, भरलेला गाल उमटला. वृंदाने ते तावदान आईला दाखवलं नाही. खिडकीत ठेवलं, आई येता-जाता बघेल असं.

३१ जानेवारीच्या रविवारी तिने खरी काच घेतली.

आण्णांची घोडी मांडली. दोन स्टुलांवर दोन फळ्या, फळ्यांवर काच पालथी, आणि खाली जमिनीवर आरसा, म्हणजे मागून रंगवताना समोरची बाजू त्यात बघता येते. काचेखाली आण्णांनी फोटोवरून काढलेला ट्रेसिंगचा कागद चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीने एक बाण: उजेड कुठून येतो त्याचा. काच जवळून बघताना तिला एक गोष्ट दिसली, जी बावीस वर्षांत दिसली नव्हती. म्हातारीच्या पांढऱ्या केसांत ब्रशची एकही रेघ नव्हती. आण्णांनी ओल्या पांढऱ्यावर अंगठा ओढला होता. अंगठ्याच्या रेषांचे केस झाले होते.

ती त्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली, हात धुतले, पुसले आणि कामाला लागली.

बाण उजवीकडून येत होता. वृंदाने विचार केला: बाण समोरून बघणाऱ्यासाठी आहे, मी पाठीमागे बसले आहे, तेव्हा माझ्यासाठी उजेड डावीकडून. अंगात चित्रकाराचं रक्त असलेल्या माणसाचा हा विचार. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता. तिने उजव्या गालाच्या कडेला, नाकाच्या उजव्या बाजूला आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्याखाली सावली घातली. पेपर वाचला. नख टेकवलं. 'टक्' झालं. लाल रेशमाच्या पुरचुंडीने तिने ती सावली अशी विरवली की आण्णांनीही चष्मा वर केला असता.

बारा वाजता तिने ट्रेसिंगचा कागद काढला. इतका वेळ त्या कागदाने आरसा झाकला होता. ती वाकून खाली बघू लागली आणि तशीच वाकलेली राहिली.

डोळ्यांतले ठिपके ज्या बाजूला, नाकावरचा उजेड ज्या बाजूला, सावलीही त्याच बाजूला होती. म्हातारीचा उजळ गाल कुणी थोबाडीत मारल्यासारखा काळवंडला होता. आण्णांनी कागद काचेखाली आधीच उलटा लावला होता. बाणही त्याबरोबर उलटला होता. तिने उलट्याचं पुन्हा उलट केलं होतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"चुकीच्या गालावर घातली."

"मग पूस."

"टर्पेंटाइन लावलं तर आण्णांच्या रेघा जातील."

आई काचेजवळ आली. तिला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या माणसाच्या संसारात चाळीस वर्षं झाली होती. "हे जवसाच्या तेलाने पुसायचे," ती म्हणाली. "वाळलेल्याला तेल काही करत नाही म्हणायचे. आणि मग मला म्हणायचे, कणीक दे गं. मी पोळ्या करताना नेमकी. गोळा मागायचे, सुपारीएवढा. मी म्हणायची, खाता काय रंगाबरोबर?"

"मळून दे."

"सैल की घट्ट?"

"तूच सांग."

"घट्ट. जरा मीठ घालून."

आईने कणीक मळली. वृंदाने कापसाने तेलाचा हात फिरवला; ओली सावली सैल झाली. मग कणकेचा गोळा टेकवायचा, उचलायचा, कोऱ्या बाजूने परत टेकवायचा. गोळे तपकिरी होऊन ताटलीत पडू लागले. गाल मोकळा झाला. नाक मोकळं झालं. ओठांच्या कोपऱ्याशी ती आली आणि गोळा उचलताना तिच्या बोटांना किंचित जास्त ओढ लागली.

कोपऱ्यातली पांढरी रेघ नव्हती.

तिथे आण्णांनी पांढरा जाड घातला होता. वरून वाळलेला, आतून अजून कोवळा. ओठांच्या टोकापासून गालात वर जाणारी ती छोटी रेघ. वृंदाने फोटो घेतला. पोस्टाच्या तिकिटाएवढा जुना फोटो, म्हातारी ताठ, गंभीर. फोटोत तशी रेघ नव्हती. ट्रेसिंगवरही नव्हती. आण्णांनी ती कुठून आणली होती ते फक्त आण्णांना ठाऊक, आणि ती तिने पुसून टाकली होती.

ती खुर्चीवर बसली. खिडकीतलं तावदान, त्यातला गोल गाल, तिला बघवेना.

आई ताटलीतले गोळे गोळा करत होती, टाकून द्यायला. तिने एक गोळा उजेडाकडे धरला. "अगं, ही काय. इथे आली."

कणकेवर, तपकिरी डागांच्या मधोमध, ती पांढरी रेघ जशीच्या तशी उमटली होती. वर बारीक, खाली जाड, मध्ये किंचित वाकलेली.

वृंदाने गोळा दोन बोटांत घेतला. घाई केली नाही. गोळ्यावरची रेघ काचेवरच्या रेघेची उलट. एकदा. गोळा काचेवर पालथा घातला तर ती होती तिथेच बसेल. दोनदा. म्हणजे काढताना गोळ्याकडे बघून नाही, गोळ्याच्या आरशातल्या प्रतिमेकडे बघून. तेही दोनदाच. तिने आईच्या कुंकवाच्या पेटीतला आरसा घोडीवर टेकवला, त्यात गोळा बघितला, पट्टीने लांबी मोजली. साडेतीन सूत, जेमतेम अर्धा इंच. खारीच्या केसांचा सर्वांत बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवला.

"श्वास सोडू नकोस," आई म्हणाली.

"तू बोलू नकोस."

रेघ गेली. एका दमात, वर बारीक, खाली जाड. चेहऱ्यातली तिची पहिली रेघ.

पुढचे दिवस हिशेबाने चालले. दोन दिवस ती रेघ वाळू दिली. मंगळवारी वाचनालयातून आल्याबरोबर, उजेड होता तोवर, डाव्या बाजूला सावली; या वेळी बाणाकडे नाही, डोळ्यांतल्या ठिपक्यांकडे बघत. शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी मधली छटा, गेरूची, सावलीच्या काठावर निम्मी चढलेली आणि निम्मी उजेडात विरलेली. हनुवटीखाली तिची पुरचुंडी एकदा जास्त दाबली गेली. तिथे बोटभर जागा जराशी मळकट राहिली. ती तिने तशीच राहू दिली. दर वेळी पुठ्ठा मागे धरून बघायची. रविवारी अंगाचा रंग घातला, गहू, किंचित तांबूस, आणि पाठीकडून चेहरा दिसेनासा झाला. तेवढ्या भागात नुसता एक सपाट डाग. तो हाताला धरेनासा झाल्यावर दुपारी शेवटी जमीन, गडद हिरवी, डब्यातला लवकर वाळणारा रंग. ते काम तिला येत होतं. केसांवरून, आण्णांच्या अंगठ्यावरून, सहीवरून तिने एकसारखा हात मारत नेला. तिच्या बाजूने आता काही उरलं नव्हतं. दीड फूट बाय एक फूट हिरवं.

काच तिने वाळेपर्यंत उलटली नाही.

दहा तारखेला तिने रजा टाकली. हसोमल अकराला आला. बरोबर रिकामी गोणी आणि सुतळी आणली होती. म्हणजे काच न्यायच्या तयारीनेच आला होता, कुठेही न्यायची असो. वृंदाने काच घोडीवरून उचलली आणि त्याच्याकडे तोंड करून खिडकीशी उभी केली. तिने स्वतःही ती तेव्हाच बघितली.

हसोमलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुढे येऊन बोट उचललं, आणि ओठांच्या कोपऱ्याशी, काचेला न लावता धरलं.

"फोटो में अम्मा हँसी नहीं थी," तो म्हणाला. "फोटोवाला बोला, हिलना नहीं. पण दुकानात आण्णा आले की बोलायची, आ गया मेरा बम्मण, अब मेरे को गोरी बनाएगा. और ऐसे हँसती थी, एक साइड से. आण्णांनी बघून ठेवलेलं."

आई वृंदाकडे बघत होती. गप्प राहा, असं तिच्या नजरेत स्पष्ट होतं.

"ती रेघ माझी आहे," वृंदा म्हणाली. "आण्णांची माझ्या हातून निघाली. मी परत काढली, त्यांच्यासारखी. सावल्याही माझ्या. बाकी सगळं त्यांचं."

हसोमल काचेच्या आणखी जवळ गेला. नाक टेकेल इतका. गिऱ्हाइकाला फ्रेमचा जोड दाखवण्याआधी स्वतः तपासावा तसा तो बराच वेळ तपासत राहिला.

"आण्णा से ज़रा मोटी है," तो अखेर म्हणाला.

"आहे," वृंदा म्हणाली.

"और यहाँ ठुड्डी के नीचे ज़रा मैला."

"तेही आहे."

"मशीनवाल्याला मी काय सांगू?"

"सांगा, सही झालेली होती."

हसोमलने मान हलवली, हो म्हणून की हरलो म्हणून ते कळलं नाही, आणि गोणी जमिनीवर पसरली. काच गुंडाळता गुंडाळता कोपऱ्यावर थांबला. "वि. देवस्थळी," त्याने वाचलं. "तेरा नाम किधर?"

"आता नाही घालता येत. जमीन घातली. काचेवर मागाहून नाव नाही."

"तो फिर?"

"तुमच्याकडची एक काच पाठवा. एवढीच. कड घासलेली."

दुसऱ्याच दिवशी टेम्पोवाल्याबरोबर काच आली, जुन्या सिंधी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वृंदाने ती चुन्याच्या पाण्याने धुतली, पुसली, घोडीवर पालथी घातली. सर्वांत बारीक ब्रश काढला.

आई हात पुसत आली. "काय काढणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही."

"मग ब्रश कशाला ओला केलास?"

"सही करून ठेवते," वृंदा म्हणाली, आणि कोपऱ्यात, उजवीकडून डावीकडे, पहिलं अक्षर घालायला लागली.